कोविडमधे वैद्यकीय संस्थांना मिळालेला निधी: यंत्रं आली, पगार कुठून द्यायचे?

पळसफूल

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कोविडमधे दवाखाने चालवणाऱ्या संस्थांची चांदी झाली, कोट्यवधी रुपये आले आणि कुठे मुरले कुणाला माहीत. तिथे उत्तर दिलं असतं तर विषयांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मराठवाड्यातल्या एका छोट्या धर्मादाय हॉस्पिटलात हिशोब आणि रिपोर्टिंगचं काम बघते, म्हणजे प्रपोजल लिहिणं, देणगीदारांना युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) पाठवणं, ऑडिटच्या वेळी व्हाउचर काढून देणं हे सगळं. पैसा आला हे मी नाकारणार नाहीच, भरपूर आला. पण तो कशासाठी आला आणि कशासाठी आला नाही ते लोकांना माहीतच नाही.

सुरुवात २०२० च्या मार्चपासून करते. २३ मार्चला कंपनी मंत्रालयाचं परिपत्रक निघालं की कोविडवर केलेला खर्च सीएसआरमधे, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर करायच्या सक्तीच्या खर्चात, धरला जाईल. २८ तारखेला टाटा ट्रस्ट्सने ५०० कोटी आणि टाटा सन्सने १००० कोटी जाहीर केले, १ एप्रिलला विप्रो आणि अझीम प्रेमजी फाउंडेशनचे मिळून ११२५ कोटी. ह्या लोकांनी खरंच मोठं काम केलं, त्याबद्दल दुमत नाही. दरम्यान पीएम केअर्स निघाला, त्यात पहिल्या पाच दिवसांतच ३०७६ कोटी जमले आणि तिथे दिलेला पैसा सीएसआर म्हणून मान्य झाला. मुख्यमंत्री निधीला दिलेला मात्र नाही, तसं १० एप्रिलच्या खुलाशात स्पष्टच लिहिलं होतं.

आता कंपनीचं सीएसआर बजेट म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. ते काही कोविड आला म्हणून वाढत नाही, उलट धंदा बसला की पुढच्या वर्षी कमीच होतं. मग मोठ्या फंडात गेलेला पैसा कुठून तरी कमी होणारच ना? आमच्याकडे तो फिरत्या दवाखान्यातून कमी झाला. जुने देणगीदार, चांगले लोक, नाव घेत नाही, त्यांचा दोन ओळींचा मेल आला की या वर्षीचं बजेट कोविडकडे वळवलंय, दुसरा हप्ता मिळणार नाही. त्या गाडीवर बीपी-शुगरच्या गोळ्या मिळायच्या, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन बघितलं जायचं, आणि लॉकडाऊनमधे एसटी बंद असताना त्या गाडीची गरज कधी नव्हे इतकी होती.

आणि जो पैसा आला तो वस्तूंसाठी आला. पीपीई किट, मास्क, सॅनिटायझर, मग दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र. कॉन्सन्ट्रेटरने माणसं वाचली, मी डोळ्यांनी बघितलंय. पण ते यंत्र नुसतं प्लगला लावून चालत नाही हो. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, १० लिटरचं ६०० च्या आसपास, आमच्याकडे व्होल्टेज संध्याकाळी १८० वर येतं, मग मशीन पिंपिं करत बंद पडतं. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर लागतं, मागचा फिल्टर आठवड्याला धुवावा लागतो, आणि आत नायट्रोजन शोषणारं जे झिओलाइट असतं ते दमट हवेत पडून राहिलं की ऑक्सिजनची शुद्धता उतरते. म्हणजे स्टॅबिलायझर पाहिजे, जनरेटरला डिझेल पाहिजे, आणि रात्री तीन वाजता पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघणारी सिस्टर पाहिजे. आम्ही स्टॅबिलायझर मागितले तर उत्तर आलं की तसं बजेट हेड नाही. लोगोचे स्टिकर मात्र मशीनबरोबर आले आणि लोगो दिसेल असा जिओटॅग फोटो मागितला गेला.

सिस्टरांचे पगार त्या काळात दोन-दोन महिने मागे राहिले. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांनी दुप्पट पगार देऊन नर्स उचलल्या, आमच्या राहिल्या त्या गावाशी बांधलेल्या होत्या म्हणून. त्यांचे पगार द्यायला कुणीही ग्रँट दिली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की महामारीत वैद्यकीय संस्थेला सगळ्यात आधी माणसांच्या पगाराचा आणि रोजच्या खर्चाचा पैसा दिला पाहिजे, यंत्रं त्यानंतर. तुम्हाला काय अनुभव आले ते लिहा. पीएम केअर्सवरून राजकीय भांडणं कृपया इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

रानवारा

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी टीबीच्या कामात होतो, विदर्भात. आमचं काम म्हणजे गावातून थुंकीचे नमुने गोळा करून तालुक्याच्या लॅबला पोचवणं आणि गोळ्या चालू आहेत ना ते बघणं. २०२० च्या उन्हाळ्यात आमची मुलं कोविड ड्युटीला लावली, टीबी तपासायची सीबीनॅट मशीनं पण बऱ्याच ठिकाणी कोविड टेस्टिंगला गेली. देशभरात २०१९ ला टीबीचे २४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते, २०२० ला १८ लाखांच्या आसपास. आता टीबी काही एका वर्षात चतुर्थांश कमी झाला नाही ना, ते लोक सापडलेच नाहीत, घरी खोकत राहिले आणि घरच्यांना देत राहिले. आणि त्याच वर्षी आमच्या प्रोजेक्टचं रिन्यूअल "प्राधान्यक्रम बदलला" म्हणून थांबलं.

---

परळकर

कॅन्सरचं पण हेच. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर पेशंट अडकलेले सगळ्यांनी टीव्हीवर बघितले, बिहार बंगालहून आलेले, ट्रेन बंद, धर्मशाळा भरलेल्या. मी राहण्या-जेवणाची सोय बघणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक होतो. आमची सगळी मिळकत म्हणजे छोट्या देणग्या, वाढदिवस, श्राद्ध, "आईच्या नावाने एक दिवसाचं जेवण" अशा. लोक येणंच बंद झालं तर ते पैसेही बंद झाले. रेशन मात्र पोत्यांनी आलं, तांदूळ ठेवायला जागा नव्हती, पण ज्याला केमो चालू आहे आणि तोंडात फोड आलेत त्याला भात-डाळ जात नाही, त्याला दूध, अंडी, प्रोटीन पावडर लागते, त्यासाठी रोख पाहिजे.

देशातल्या ४१ कॅन्सर सेंटर्सचा अभ्यास नंतर लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला, मार्च ते मे २०२० मधे नव्या पेशंटची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली होती. ते पेशंट पुढे तिसऱ्या-चौथ्या स्टेजला आले. त्यांच्यासाठी कुठली स्पेशल ग्रँट निघाली नाही.

---

कट्टेकरी

सगळं मान्य, पण दुसरी बाजूही बघा. संस्थांना मोकळा पैसा दिला की ऑफिस, गाड्या, परदेश दौरे होतात हे काय आपण बघितलं नाही का? म्हणूनच सरकारने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, कडक केला आणि सुप्रीम कोर्टानेही तो वैध ठरवला. देणगीदार वस्तू देतो कारण वस्तू दिसते, पगार दिसत नाही. त्यात देणगीदाराचं काय चुकलं?

---

पळसफूल

@कट्टेकरी, हिशोब मागा की, जरूर मागा. आमचं दरवर्षी ऑडिट होतं, धर्मादाय आयुक्तांकडे जातं, इन्कम टॅक्सला जातं, परदेशी पैशाचा वेगळा वार्षिक हिशोब, एफसी-४, भरावा लागतो. मला आक्षेप आहे तो बंधनं कुठे घातली आणि कधी घातली त्याला.

बघा, एफसीआरएची दुरुस्ती लागू झाली २९ सप्टेंबर २०२० ला. तेव्हा देशात पहिली लाट टोकाच्या आसपास होती. त्यात तीन गोष्टी आल्या. परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. ॲडमिन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. आणि परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या, म्हणजे संसद मार्गवरच्या खात्यातच येणार.

पहिली गोष्ट सगळ्यात जास्त लागली. आधीही सरसकट कुणालाही पैसा देता येत नव्हता, एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता यायचा, नाहीतर परवानगी घ्यावी लागायची. पण निदान मुंबई-पुण्याची मोठी संस्था बाहेरून ग्रँट आणायची आणि त्यातले आठ-दहा लाख आमच्यासारख्यांना द्यायची. परदेशातला फंडर आमच्या तालुक्याचं नाव ऐकून थोडाच पैसे पाठवणार आहे, त्याला मधे ओळखीचं कुणीतरी लागतं. ती मधली कडीच काढून टाकली.

---

जमाखर्च

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, ट्रस्टची ऑडिट्स करतो. थोडी भर घालतो.

एफसीआरएत वस्तूसुद्धा "विदेशी अंशदान" धरली जाते. म्हणजे बंदी फक्त पैशाला नव्हती. मे २०२१ मधे एखाद्या मोठ्या ट्रस्टला परदेशातून ५० कॉन्सन्ट्रेटर आले आणि त्याने त्यातले १० गावच्या दुसऱ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला दिले तर तेही हस्तांतरण. पेशंटला वापरायला देणं चालतं, संस्थेला देणं नाही. माझे क्लायंट रात्री अकराला फोन करून विचारायचे की मशीन उचलू का नको.

दुसरं, त्या एप्रिलमधे किती कागद एकदम येऊन पडले ते बघा. सीएसआर घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेणं सक्तीचं. त्याच दिवसापासून १२ए आणि ८०जी (संस्थेच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीसाठी) ची नव्याने नोंदणी, फॉर्म १०ए. आणि त्याच दिवसापासून दिल्लीच्या खात्याशिवाय परदेशी पैसा घ्यायचा नाही. ते खातं उघडायची मुदत ३० जूनपर्यंत वाढवली, पण ती नोटीस १८ मेची. एप्रिलची सुरुवात ते १८ मे, म्हणजे देशात रोज ४ लाखांवर केसेस गेल्या तो काळ, त्यात ज्यांचं खातं झालं नव्हतं ते हात बांधून बसले. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नव्हतं हे खरं, जवळच्या शाखेतून कागद जायचे, पण त्या शाखेतले अर्धे कर्मचारी पॉझिटिव्ह, ट्रस्टी सत्तरीचे, त्यांच्या सह्या घ्यायला घरोघर कोण जाणार?

---

अबोली२१

@जमाखर्च, ते २० टक्क्यांत डॉक्टरांचे पगार पण येतात का? आमच्या गावच्या मिशन हॉस्पिटलात तसंच सांगतात म्हणून विचारलं.

---

जमाखर्च

नाही ताई. नियमातच लिहिलंय की हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा पगार, शाळेतल्या शिक्षकांचा पगार असे थेट कामाचे खर्च ॲडमिनमधे धरायचे नाहीत. ॲडमिन म्हणजे मॅनेजमेंटच्या लोकांचे पगार आणि प्रवास, ऑफिसचं भाडं, अकाउंट्स, कायदेशीर खर्च, रिपोर्ट लिहिणं वगैरे. म्हणजे मजा बघा, जी अकाउंटंट सगळी बिलं नीट ठेवते तिचाच पगार कापायचा आणि मग हिशोब नीट नाहीत म्हणून नोटीस. कोविडमधे रिपोर्टिंग तिप्पट झालं होतं. सुप्रीम कोर्टाने ८ एप्रिल २०२२ ला दुरुस्ती कायम ठेवली, पदाधिकाऱ्यांना आधारऐवजी पासपोर्ट चालेल एवढी सवलत दिली. कायदा आहे तर पाळायलाच हवा, पण तो कुठे चिमटतो हे सांगायलाही हवं.

---

न्यूजर्सीकर

इकडची बाजू सांगतो. एप्रिल २०२१ मधे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाचे ना कुणाचे वडील गेल्याचा मेसेज यायचा. आम्ही काही मराठी मंडळींनी पैसे जमवले, सगळ्यांना आपापल्या गावच्या हॉस्पिटलला द्यायचे होते. सातारा, जळगाव, लातूर. त्यातल्या एकाही हॉस्पिटलकडे एफसीआरए नोंदणी नव्हती. मग ठरलं मशीनंच पाठवू. ३ मेला सरकारने फुकट वाटायला येणाऱ्या कोविड सामानावरचा आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, माफ केला, पण त्यासाठी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागत होतं, ते मिळेपर्यंत खोकी गोदामात. शेवटी पोचली तेव्हा गावातली लाट ओसरत आली होती. पळसफूल ताईंनी लिहिलंय ते वाचून वाटलं की आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं "मशीन नको, चार सिस्टरांचा सहा महिन्यांचा पगार द्या" तर आम्ही आनंदाने दिला असता. कायद्याने जमलं असतं का तो वेगळा प्रश्न.

---

जमाखर्च

@न्यूजर्सीकर, अर्ध्या लोकांना जमलं असतं. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी अंशदान धरत नाहीत, कुठलाही ट्रस्ट साध्या खात्यात घेऊ शकतो. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय) किंवा अमेरिकन नागरिक असेल तर मात्र ट्रस्टला एफसीआरए नोंदणी लागते. आणि मंडळाच्या खात्यातून एकत्र पाठवला तर सगळाच विदेशी. पुढे कधी वेळ आली तर (न येवो) हे लक्षात ठेवा आणि मंडळातल्या लोकांना आत्ताच सांगून ठेवा.

---

टेम्सकाठ

मी इंग्लंडमधे एका हॉस्पाइसमधे, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, काम करते. इथेही चॅरिटींचे हाल झाले. कॅन्सर रिसर्च यूकेची दुकानं बंद, लंडन मॅरेथॉन एप्रिलमधून पुढे ढकलली, त्यांनी २०२० मधेच संशोधनाच्या ग्रँट्समधे ४.४ कोटी पौंडांची कपात केली, आणि ज्यांना कात्री लागली ते बहुतेक तरुण संशोधक.

पण एक गोष्ट चांगली झाली. ८ एप्रिल २०२० ला सरकारने चॅरिटींसाठी ७५ कोटी पौंडांचं पॅकेज जाहीर केलं त्यात हॉस्पाइसेससाठी २० कोटींपर्यंत रक्कम होती, आणि ती बेड आणि स्टाफ तयार ठेवण्यासाठी होती. पेशंट आला तरी आणि नाही आला तरी पगार होणार. आम्हाला फंडरेझिंगची चिंता बाजूला ठेवून काम करता आलं. पळसफूल म्हणतायत ते हेच ना?

---

पळसफूल

@टेम्सकाठ, हो, अगदी हेच. क्षमता टिकवायला पैसा. आपल्याकडे हॉस्पिटल म्हणजे इमारत आणि मशीन असं देणगीदाराच्या मनात असतं, कोनशिला लावता येते ना. सिस्टर दिसत नाही.

@परळकर, तुमचं रोखीचं वाचून आमच्या डॉक्टरांची आठवण झाली, ते म्हणायचे मला कुणीतरी दोन लाख रुपये "काय करायचं ते तुम्ही ठरवा" म्हणून द्या, मी दोन कोटींचं काम करून दाखवतो.

---

कट्टेकरी

ठीक आहे, मुदतींचं टायमिंग चुकलं हे मान्य करतो, ते १८ मेचं मला माहीत नव्हतं. पण आपल्या राज्यात धर्मादाय हॉस्पिटलांना गरिबांसाठी १० टक्के बेड फुकट आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. तो पैसा अशा वेळी वापरता येत नाही का? आणि सरकारने महात्मा फुले योजना, म्हणजे राज्याची मोफत उपचारांची योजना, सगळ्यांना लागू केली होती की.

---

रानवारा

@कट्टेकरी, तो निधी त्या-त्या हॉस्पिटलचा असतो, पुण्या-मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलचा २ टक्के म्हणजे बरीच रक्कम, पण ती तिथल्याच गरीब पेशंटच्या बिलात वळती होते, गडचिरोलीला येत नाही. आणि फुले योजना पॅकेजवर चालते, पेशंट ॲडमिट झाला, प्रोसिजर झाली, क्लेम केला, मग काही महिन्यांनी पैसे. गावोगाव फिरून नमुने गोळा करणाऱ्या पोराला त्यातून काय मिळणार? त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल कुठल्याच पॅकेजमधे बसत नाही.

---

निळीशाई

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सीएसआर विभागात आहे, वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. आमच्यावरही दबाव असतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, बोर्डाला फोटो दाखवायचे. मशीन घेतलं की इन्व्हॉइस एक, खर्च पूर्ण, फाइल बंद. पगार दिला की बारा महिने कागद. पण हा धागा वाचून मला आमच्या पुढच्या आरोग्य प्रोजेक्टमधे खरंच बदल सुचवायचा आहे. नेमकं काय लिहू? आणि पगार घातला तर तो आमच्या ५ टक्के ॲडमिनमधे जाईल का अशी आमच्या फायनान्सला भीती आहे.

---

जमाखर्च

नाही जाणार. ५ टक्क्यांची मर्यादा तुमच्या कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन ह्याचा थेट खर्च त्यातून वगळलेला आहे, २०२१ च्या सुधारित नियमांच्या व्याख्येतच आहे, फायनान्सला ते वाक्य दाखवा. आणि प्रोजेक्ट "ऑनगोइंग" म्हणून मंजूर करून घेतलात तर सुरू केलेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो, न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. ३१ मार्चची घाई संपली.

---

पळसफूल

@निळीशाई, तुम्ही विचारलंत हेच खूप झालं. मी असं सुचवेन: जे मशीन द्याल त्याच्याबरोबर तीन वर्षांची एएमसी (देखभालीचा करार), स्टॅबिलायझर आणि ते चालवणाऱ्या एका सिस्टरचा आणि एका टेक्निशियनचा पगार त्याच प्रोजेक्टमधे धरा. लाइटबिलाचा वाटा धरा, लोक तो विसरतात. करारात एक कलम घाला की साथ किंवा आपत्ती आली तर संस्था एका हेडमधली रक्कम दुसऱ्या हेडला नुसत्या मेलवर वळवू शकेल, नंतर हिशोब देईल. आमच्याकडे २०२१ ला सॅनिटायझरच्या हेडमधे पैसे पडून होते आणि डिझेलला नव्हते, तुमचं हे एक कलम असतं तर जनरेटर चालला असता. आणि सुरू असलेला प्रोजेक्ट, टीबी असो, डायलिसिस असो, गरोदर बायकांचा असो, महामारी आली म्हणून मधेच थांबवणार नाही असं लिहून द्या.

पगाराची रक्कम आमच्या भागात काय धरावी, हजेरी आणि ड्युटी चार्ट कसा जोडायचा, ह्याचा एक नमुना माझ्याकडे तयार आहे. व्यनि (खाजगी निरोप) करते. रानवारा, तुमच्या पेट्रोलचा हेड पण त्यात टाकतेय, किलोमीटरमागे किती धरायचे तेवढं कळवा.

---

रानवारा

संध्याकाळी कळवतो ताई. लॉगबुकचा फॉर्मॅट पण पाठवतो, त्यात गाव, नमुन्यांची संख्या आणि लॅबचा शिक्का असा कॉलम आहे, ऑडिटला कधी अडचण आली नाही.